निर्गुडीचा पाला दुखणं कमी करतो का, हे लॅबमध्ये तपासायचं कसं

प्रश्न असा आलाय: एम.फार्म.च्या प्रोजेक्टला निर्गुडी घेतलीय, घरी आजीच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, तिला आराम पडतो, आणि हे "सायंटिफिकली प्रूव्ह" करायचंय. त्यासाठी पानांचा इथेनॉलमधला एक्स्ट्रॅक्ट काढून माईसना (लॅबमधल्या उंदरांना) तोंडावाटे २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो द्यायचा, रायदिंग टेस्ट (दुखण्याने माऊस किती वेळा अंग पिळवटतो) आणि हॉट प्लेट (गरम प्लेटवर तो किती वेळाने पंजा चाटतो) करायची, तुलनेचं स्टँडर्ड म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, एका ग्रुपला ६ माईस. एवढं पुरेल का?

विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस. डिग्री मिळायला एवढं पुरेल, अशा थिसिसनी लायब्रऱ्या भरल्यात. पण निर्गुडीने दुखणं कमी होतं का, याचं उत्तर यातून मिळणार नाही, कारण या दोन्ही टेस्टमध्ये आपण दुखणं मोजतच नाही, आपण प्राण्याची हालचाल मोजतो. हालचाल कमी व्हायला दुखणं कमी झालंच पाहिजे असं कुठाय? प्राणी पेंगुळला तरी हालचाल कमी होते, स्नायू सैल पडले तरी होते. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

आजीचं आधी बघू. तिच्या गुडघ्यावर काय काय जातंय? गरम पाला, त्यावर फडकं, वर घट्ट बांधणं, तासभर पाय न हलवता बसणं. नुसत्या शेकानेही सांध्याला आराम पडतो, बांधल्याने आधार मिळतो, विश्रांती मिळते ते वेगळंच. यात निर्गुडीचा वाटा किती हे काढायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी साध्या पानाचा तितकाच गरम पाला बांधून तुलना करावी लागेल, आणि निर्गुडीचा वास इतका उग्र असतो की कुठला पाला बांधलाय ते पेशंटला पहिल्या मिनिटात कळणार. तो माणसांवरचा अभ्यास झाला, त्याला वेगळी एथिक्स कमिटी लागते, सीटीआरआयवर (माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी लागते, ते एम.फार्म.चं काम नाही. तुझा एक्स्ट्रॅक्ट पोटात जाणार आहे, तोही अल्कोहोलमध्ये काढलेला. आयुर्वेदात निर्गुडी पोटातून द्यायचेही पाठ आहेत, तेव्हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो आजीचा प्रश्न नाही. सिनॉप्सिसच्या इंट्रोडक्शनमध्ये "पारंपरिक वापर सिद्ध करण्यासाठी" लिहिलं असशील तर ते वाक्य काढ, एक्स्टर्नल एक्झामिनर तिथूनच सुरुवात करतो. आणि हो, आजीला मधुमेह असेल, पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर तव्यावरचा पाला थेट त्वचेवर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

आता झाड. निर्गुडी कोणालाही ओळखता येते असं सगळ्यांना वाटतं. ओढ्याच्या काठाला, शेताच्या बांधावर असते, पानाला साधारण पाच पर्णिका, खालची बाजू पांढुरकी, निळसर-जांभळी बारीक फुलं. पण त्याच व्हायटेक्स प्रजातीत तीन पर्णिकांची व्हायटेक्स ट्रायफोलिया आहे, निर्गुडीच्याच झाडाला काही पानं तीन पर्णिकांची येतात, आणि काही ठिकाणी "काळी निर्गुडी" म्हणून जे देतात ते जस्टिसिया जेंडारुसा असतं, त्याचं तर कूळच वेगळं, ते अडुळशाच्या घरातलं. त्यामुळे बाजारातून सुका पाला आणू नकोस. फुलं असलेली फांदी स्वतः तोड, हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेला नमुना) कर, पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, तिथून ऑथेंटिकेशन, म्हणजे झाडाची खात्रीशीर ओळख, करून नमुन्याचा व्हाउचर नंबर घे. गाव, तारीख, पाला कोवळा की जून, सगळं वहीत लिही.

पाला सावलीत वाळव, भरड पूड कर. बरेच जण आधी पेट्रोलियम इथरने डीफॅट करतात (मेण-चरबी काढून टाकतात) आणि मग सॉक्सलेट या तापवून एक्स्ट्रॅक्ट काढायच्या उपकरणात तासन् तास इथेनॉल फिरवतात. निर्गुडीच्या पानात उडनशील तेल आहे, ते थोडं इथरमध्ये गेलं, उरलेलं उष्णतेने गेलं, आणि मग थिसिसमध्ये लिहायचं की "पारंपरिक वापरल्या जाणाऱ्या पानांचा" एक्स्ट्रॅक्ट. पोटीस बांधताना घरभर ज्याचा वास सुटतो तेच आपण आधी उडवून टाकलेलं असतं! मी तरी साध्या मॅसरेशनला मत देईन, थंड्या इथेनॉलमध्ये भिजत ठेवायचं, रोटाव्हेपर या द्रावण आटवायच्या यंत्रावर कमी तापमानाला आटवायचं, इथेनॉलचा मागमूस राहता कामा नये कारण तो स्वतःच प्राण्याला गुंगी आणतो. यिल्ड, म्हणजे किती पाल्यातून किती एक्स्ट्रॅक्ट निघाला, लिहून ठेव. मार्कर (ओळख पटवणारा घटक) म्हणून निगुंडोसाइड किंवा अ‍ॅग्नुसाइड घेऊन एचपीटीएलसी (घटक वेगळे करून मोजायची पद्धत) करून घे, बाहेरून करून घ्यावं लागलं तरी चालेल, नाहीतर तुझा एक्स्ट्रॅक्ट आणि पुढच्या बॅचच्या पोराचा एक्स्ट्रॅक्ट यांची तुलना कशी करणार.

एक्स्ट्रॅक्टमध्ये नक्की काय आहे हे का बघायचं यासाठी कॅमेरूनची गोष्ट माहीत असलीच पाहिजे, मी प्रत्येक बॅचला सांगतो. तिथे नॉक्लिया लॅटिफोलिया नावाचं झाड आहे, आपल्या कदंबाच्या कुळातलं, मुळांच्या सालीचा काढा तिथले लोक दुखणं, फिट्स, मलेरिया अशा कशाकशावर घेतात. एका फ्रेंच-कॅमेरुनी ग्रुपने वेदनाशामक गुणाच्या मागे लागून, माईसवर टेस्ट करत करत, जो अंश काम करतोय तो वेगळा काढत नेला आणि शेवटी हातात आलं चक्क ट्रामाडॉल हे वेदनाशामक औषध. तेच, जे जर्मनीत १९७० च्या दशकात बाजारात आलं, संपूर्ण सिंथेटिक. २०१३ मध्ये पेपर आला, मुळाच्या सालीत ट्रामाडॉल टक्क्यात मोजण्याइतकं असल्याचं त्यात होतं, आणि जगभर बातमी झाली की माणसाने बनवलेलं औषध निसर्गाने आधीच बनवून ठेवलं होतं. मग २०१४ मध्ये डॉर्टमुंडच्या श्पिटेलर यांच्या ग्रुपने तिथे जाऊन झाडंच नाही तर माती आणि पाणीही तपासलं. ट्रामाडॉल फक्त उत्तर कॅमेरूनमधल्या झाडांच्या मुळांत सापडलं, दक्षिणेतल्या झाडांत नाही, आणि सोबत ट्रामाडॉलचे असे मेटाबोलाइट सापडले जे सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होतात. म्हणजे काय, तर उत्तरेकडचे शेतकरी उन्हातान्हात काम करायला स्वतः ट्रामाडॉल खायचे आणि बैलांनाही खाऊ घालायचे, ते मूत्रातून शेतात आणि तिथून मुळांत. यावर पुढे पेपरांची उलटसुलट झाली, झाड हे बनवू शकतं असं पहिल्या बाजूने मांडलं, आणि २०१६ मध्ये कार्बन-१४ (खनिज तेलात तो उरलेला नसतो) मोजून दुसऱ्या बाजूने दाखवलं की हा कार्बन पेट्रोलियममधून आलेला आहे, झाडाने हवेतून घेतलेला नाही.

यात मला काय महत्त्वाचं वाटतं सांगू? पहिल्या ग्रुपच्या माईसवरच्या टेस्ट चुकल्या नव्हत्या. त्या एक्स्ट्रॅक्टने दुखणं खरोखर थांबत होतं. थांबवणारं झाड नव्हतं एवढंच. आपल्याकडे ही भानगड आणखी सोपी आहे, बाजारातल्या "शुद्ध आयुर्वेदिक" सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये डायक्लोफेनॅक नाहीतर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं सापडायचे प्रकार नवे नाहीत. म्हणून म्हटलं पाला स्वतः तोड, आणि शक्यतो दोन वेगळ्या गावांतला तोड.

आता टेस्टकडे. रायदिंग टेस्ट तुला सगळ्यात सोपी वाटत असणार, आणि तिथेच फसगत आहे. ०.६ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, १० मिलिलिटर प्रति किलो, पोटात इंजेक्शन द्यायचं. थोड्या वेळाने माऊस पोट आत ओढतो, अंग ताणतो, कमरेतून पिळवटतो, मागचे पाय मागे लांब करतो, हे एक रायद. पाचव्या मिनिटापासून पुढची २० मिनिटं मोजत बसायचं. नुसतं अंग चाटलं, दोन पायांवर उभा राहिला, ते मोजायचं नाही. अर्धवट ताणलं तर काय, हे पहिल्या दिवशी ठरवून लिहून ठेवायचं आणि मोजणारा माणूस शेवटपर्यंत बदलायचा नाही, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक औषधाने नाही, मोजणाऱ्याने पडतो. अ‍ॅसिड रोज ताजं बनव.

या टेस्टची गंमत अशी की तिला फारसं काही फसवावं लागत नाही, ती स्वतःच फसायला तयार असते. अ‍ॅस्पिरिनवर्गीय औषधाने रायद कमी होतात, मॉर्फिनने होतात, पण स्नायू सैल करणाऱ्या औषधाने, गुंगीच्या औषधाने, अगदी अँटीहिस्टामिननेही होतात. आणि नेमकं निर्गुडीबाबत अँटीहिस्टामिन आणि गुंगी या दोन्ही शंका आधीच छापून आलेल्या आहेत! ताज्या पानांच्या पाण्यातल्या एक्स्ट्रॅक्टवर श्रीलंकेत काम झालं, २००३ चा पेपर आहे, त्यात वेदनाशामक आणि सूज कमी करणाऱ्या गुणांबरोबर अँटीहिस्टामिन गुणही मांडलाय. शिवाय निर्गुडीच्या पानांच्या एक्स्ट्रॅक्टने माईसमध्ये पेंटोबार्बिटोन या झोपेच्या औषधाने येणारी झोप लांबते हेही प्रसिद्ध झालेलं आहे, म्हणजे मेंदूवर मंदपणाचा परिणाम आहे. असं असताना रायद निम्म्यावर आले म्हणून "वेदनाशामक" लिहायचं म्हणजे झोपलेल्या माणसाने कुरकुर केली नाही म्हणून त्याचं डोकं दुखत नाही म्हणण्यातला प्रकार.

तेव्हा रोटारॉड कर. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुझ्या यादीत नेमकं हेच नाही. फिरणाऱ्या दांड्यावर माऊस किती वेळ टिकतो बघायचं, व्हेइकल (औषधाशिवायचं नुसतं द्रावण), डायझेपाम (गुंगीचं औषध) आणि तुझा वरचा डोस असे तीन ग्रुप. सोबत अ‍ॅक्टोफोटोमीटर असेल तर हिंडण्याफिरण्याचा आकडा पण घे. वरच्या डोसला माऊस दांड्यावरून पडायला लागला तर त्या डोसचा वेदनेचा डेटा तू वापरूच शकत नाहीस, त्याखालचा डोस बघायचा जिथे माऊस ठणठणीत चालतोय तरी दुखण्याला कमी रिस्पॉन्स देतोय. असा डोस सापडला तर तुझ्या हाताला खरंच काही लागलं. म्हणून दोन डोस नको, तीन घे, १००, २००, ४००, आणि रोटारॉड सगळ्यात आधी कर, शेवटी नको.

हॉट प्लेटमध्ये डायक्लोफेनॅक स्टँडर्ड? ते बदल. ५५ अंशाच्या प्लेटवरचा रिस्पॉन्स मुख्यतः मेंदू-मज्जारज्जूच्या पातळीवरचा असतो, डायक्लोफेनॅकसारखी औषधं तिथे जेमतेम काम करतात, मग तुझा एक्स्ट्रॅक्ट "स्टँडर्डपेक्षा सरस" दिसणार आणि ते खोटं असणार. तिथे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातलं औषध, लागतं. मॉर्फिनला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याची कागदपत्रं लागतात, कॉलेजं त्याला घाबरून पेंटाझोसिन नाहीतर ट्रामाडॉल घेतात, पण तेही त्याच कायद्याखाली आहेत, ट्रामाडॉल २०१८ पासून, तेव्हा स्टोअरवाल्यांना आधी विचारून ठेव. त्यातही ट्रामाडॉलचा परिणाम नॅलोक्सोनने (ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाने) पूर्ण उलटत नाही कारण त्याचं अर्धं काम सेरोटोनिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनकडून होतं, म्हणून नॅलोक्सोन वापरणार असशील तर मॉर्फिनसाठी खटपट करणंच बरं. आणि नॅलोक्सोन वापर. निर्गुडीवर २००५ मध्ये आलेल्या भारतीय कामात टेल फ्लिकमध्ये (उष्णता लागल्यावर शेपूट किती वेळाने हलते त्या टेस्टमध्ये) परिणाम दिसला होता पण नॅलोक्सोनने तो उलटला नाही, म्हणजे ओपिऑइडची वाट नसावी. तुझ्याकडे तसंच आलं तर बरं, वेगळं आलं तर आधी एक्स्ट्रॅक्टमध्ये काही मिसळलंय का ते शोध, कॅमेरून आठव.

प्लेटवर पुढचा पंजा चाटला, मागचा चाटला की उडी मारली, यातलं काय धरायचं ते ठरव. मी मागचा पंजा आणि उडी धरतो, पुढचे पंजे माऊस साफसफाईसाठी पण चाटतो. १५ सेकंदाला कट-ऑफ, त्यापुढे एक सेकंद ठेवायचं नाही, पंजा भाजतो. आदल्या दिवशी बेसलाइन घे, जो माऊस आधीच खूप वेळ निवांत उभा राहतो तो घेऊ नकोस. आणि त्याच माऊसला दर अर्ध्या तासाने प्लेटवर सारखं सारखं ठेवू नकोस, तो शिकतो, ठेवल्या ठेवल्या उडी मारतो.

मला विचारशील तर मी रायदिंगऐवजी फॉर्मॅलिन टेस्ट घेईन. मागच्या पंजाच्या तळव्यात २० मायक्रोलिटर पातळ फॉर्मॅलिन, आणि पंजा किती सेकंद चाटतो ते मोजायचं. पहिली ५ मिनिटं एक टप्पा, तो नसा थेट चेतवल्या जाण्याचा, मग मध्ये शांतता, आणि १५ ते ३० मिनिटं दुसरा टप्पा, त्यात सूज आणि मज्जारज्जूतली वाढलेली संवेदना दोन्ही येतात. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं, डायक्लोफेनॅक मुख्यतः दुसरा. म्हणजे एकाच माऊसमध्ये औषध कुठल्या वळणाचं आहे याचा अंदाज येतो, आणि चाटण्याची कृती टिपायला सोपी. काचेचा खोका, खाली तिरका आरसा, समोर मोबाईल लावून व्हिडिओ, झालं. खोलीचं तापमान मात्र सांभाळ, दुसरा टप्पा तापमानाने बदलतो, आणि मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात अ‍ॅनिमल हाऊसची लाईट गेली की त्या दिवशीचा डेटा सरळ बाजूला ठेवायचा.

ब्लाइंडिंगबद्दल थिसिसमध्ये एक ओळ सगळे लिहितात, करत कोणी नाही. अडचण खरी आहे, निर्गुडीचा एक्स्ट्रॅक्ट काळपट हिरवा, सीएमसीचं (द्रावण घट्ट करणाऱ्या पुडीचं) व्हेइकल पांढरट, सिरिंजमध्ये काही लपत नाही, गॅव्हाज केल्यावर (नळीने पोटात सोडल्यावर) माऊसच्या तोंडाला पण लागलेला दिसतो. म्हणून डोस देणारा एक, तोंड पुसून माऊस खोक्यात ठेवणारा तोच, आणि व्हिडिओ बघून मोजणारी तू, तुला कोड नंबर सोडून काही माहीत नाही. कोणता माऊस कुठल्या ग्रुपला हे पिंजऱ्यात हात घालून जो सापडेल तो असं करू नका, पहिला सापडतो तो नेहमी मंद असतो. रँडम नंबर घ्या.

स्टॅटिस्टिक्समध्ये एकच सांगतो. रायदिंग, फॉर्मॅलिनला वन-वे अ‍ॅनोव्हा आणि डनेट (ग्रुपमधला फरक ताडायच्या पद्धती) ठीक, पण हॉट प्लेटला वेळेनुसार रीडिंग असतात, तिथे दर वेळेला वेगळा अ‍ॅनोव्हा करून जिथे स्टार (फरक लक्षणीय असल्याची खूण) आला तेवढंच दाखवायचं हे चालत नाही, रिपीटेड मेझर्स कर.

डोसचा हिशोब व्हायव्हात विचारतातच, करून ठेव. माईसचा ४०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने १२.३ ने भागून माणसाला साधारण ३२.५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट. यिल्ड १० टक्के धरला तर २० ग्रॅम सुका पाला एका वेळेला पोटात. हे जमण्यासारखं आहे. पण काही पेपरमध्ये प्रति किलो हजारोंच्या घरात डोस असतात, तिथे हा हिशोब लावला की पेशंटला पाटीभर पाला खावा लागेल. अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी ओईसीडीच्या ४२३ नाहीतर ४२५ या गाईडलाइनप्रमाणे २००० मिलिग्रॅम प्रति किलोची लिमिट टेस्ट, आणि तेव्हाच गुंगी, चाल, श्वास नीट बघून लिही, रोटारॉडला कुठला डोस घ्यायचा ते तिथेच अर्धं कळतं.

राहिली कमिटी. सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या फॉर्म बी मध्ये आकडे मांडताना रायदिंग, हॉट प्लेट, फॉर्मॅलिन सगळं घातलंस तर प्रत्येकी ५ ग्रुप गुणिले ६ म्हणजे ९०, त्यावर नॅलोक्सोनचे ३ ग्रुप १८, रोटारॉडचे १८, झाले १२६ माईस. कमिटी हे कापणार, आणि कापलंच पाहिजे. रायदिंग तूच काढ, ९६ वर येशील. रोटारॉडवर दुखवायचं काही नसतं, तेव्हा मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन तेच माईस फॉर्मॅलिनला वापरायची परवानगी माग, आणखी १८ कमी होतील. "आधीच्या सगळ्यांनी रायदिंग केलंय" असं गाईड म्हणतील, तेव्हा अँटीहिस्टामिनचा मुद्दा पुढे कर, ऐकतात. कमिटीच्या मीटिंगची तारीख ऑफिसमध्ये आत्ताच विचार, मंजुरी येईपर्यंत झाड फुलावर नसेल तर ऑथेंटिकेशन अडकतं. पाला फार लागत नाही, २५ ग्रॅमच्या माऊसला ४०० च्या डोसला १० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट जातो, सगळ्या टेस्ट आणि टॉक्सिसिटी धरूनही अर्धा किलो सुक्या पाल्यात एकच बॅच पुरून उरेल. ती एकदाच काढ, बाटलीवर तारीख टाक, फ्रीजमध्ये ठेव, आणि प्रोजेक्टच्या मध्येच दुसरी बॅच काढायला जाऊ नकोस.